ओसरी बंद करताना

दिवाळी सरली, सोयाबीन-कापसाचा पैसा हाती आला, की आमच्या धर्माबादेत आणि आसपासच्या गावांत घरदुरुस्तीचे दिवस सुरू होतात. जुन्या घरांच्या दाराशी सागाच्या फळ्या येऊन पडतात, सुतारांचे रंधे चालू लागतात. गेल्या काही वर्षांत या कामांमध्ये एक काम वारंवार दिसू लागले आहे. घरापुढची उघडी ओसरी उतरवायची आणि तिच्या जागी सागवानी चौकटींची, काचेच्या तावदानांची बंदिस्त ओसरी उभारायची. दवाखान्यात तपासणी झाल्यावर उठता उठता अनेक जण विचारतात, "डॉक्टरसाहेब, ओसरी बंद करून घ्यावी म्हणतो, कसं राहील?" मी बांधकामाचा जाणकार नाही. परंतु घरातील माणसे कोणती हवा घेतात, कुठे निजतात, कुठे घसरून पडतात आणि कोणाशी बोलतात हा माझ्या व्यवसायाचा विषय आहे, आणि ओसरी बंद झाली की या चारही गोष्टी बदलतात. म्हणून या वेळी त्याविषयी लिहितो.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या घराची रचना आठवून पाहा. रस्त्याला लागून ओटा, दारातून आत आले की ढाळज, पुढे चौक आणि चौकाभोवती ओसरी. लहान घरांत चौक नसे, पण घरापुढे चार खांबांवर तोललेली ओसरी असेच. तिच्यावर माळवदाची किंवा पत्र्याची सावली, खाली शहाबादी फरशी, आणि एक बाजू पूर्ण मोकळी. ही मोकळी बाजू म्हणजे मागच्या खोल्यांचे नाक होते. मधल्या घराला खिडकी असो वा नसो, दारातून ओसरीतली हवा आत जाई. आजारी माणसाची बाज तिथे पडे, धान्य निवडणे तिथे होई, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचा पसारा तिथे मांडला जाई आणि आल्यागेल्याला पाण्याचा तांब्याही तिथेच मिळे.

ओसरी बंद करण्याची कारणे क्षुल्लक आहेत असे मात्र समजू नये. रस्ते रुंद झाले, वाहने वाढली, धूळ घरात येते. डासांचा उपद्रव आहे, कुत्री आणि माकडे आत शिरतात, चोरीची धास्ती असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उघड्या ओसरीवर घरातील पुरुष मोकळेपणे बसत-निजत, ती मोकळीक सुनेला किंवा लेकीला क्वचितच मिळाली. आडोसा झाला तर उकाड्याच्या रात्री तीही तिथे पाठ टेकू शकते. त्यामुळे 'जुने ते सोने' म्हणून ओसरी आहे तशीच ठेवा, असा सल्ला मी देणार नाही. बंद करावी; पण ती कशी बंद करावी हे आधी ठरवावे.

मोबाइलवर जी चित्रे पाहून ही कामे काढली जातात, त्यांतील पुष्कळशी थंड प्रदेशांतील असतात. इंग्लंडसारख्या देशात घरापुढे ओक लाकडाची बंदिस्त ओसरी बांधतात. बाहेरचा गारठा थेट घरात शिरू नये, ओले जोडे आणि कोट तिथेच उतरवावेत, ऊब आत टिकावी हा तिचा हेतू. आपल्याकडे ओकची जागा साग घेतो. किनवट-माहूरच्या जंगलांमुळे नांदेड जिल्ह्याला सागाची ओळख जुनी आहे. हे लाकूड तेलकट असते, वाळवीला सहसा दाद देत नाही आणि उन्हापावसात फारसे वाकत नाही. लाकडाची निवड म्हणून यात वावगे काही नाही. परंतु ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तिथे ऊब टिकवणारी रचना जशीच्या तशी उचलणे म्हणजे उन्हाळ्यात गोधडी पांघरण्यासारखे आहे.

काचेतून सूर्यकिरण आत येतात. त्यांनी फरशी आणि भिंती तापतात. पण त्या तापलेल्या पृष्ठभागांतून निघणारी उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेली काचबंद ओसरी दुपारी चारच्या सुमारास भट्टीसारखी होते आणि तिच्या मागची खोली रात्री उशिरापर्यंत निवत नाही. अशा खोलीत पंखा लावून भागत नाही. हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की नुसता पंखा शरीर थंड करण्याऐवजी अधिक तापवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. कूलर लावला तरी आत आलेली दमट हवा बाहेर जायला वाट हवी. ती नसेल तर खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांना याचा त्रास आधी होतो.

काचेविषयी आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. हिवाळ्यात काचेआड कोवळ्या उन्हात बसलेली आजी समाधानाने सांगते, "रोज ऊन घेते." उबेचा लाभ तिला निश्चित मिळतो; मात्र त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण साध्या काचेतून पार होत नाहीत. त्यासाठी ऊन थेट अंगावर यावे लागते. बाळाची कावीळ जावी म्हणून त्याला काचेआडच्या उन्हात ठेवणे हाही उपचार नव्हे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळ पिवळे दिसल्यास त्याला डॉक्टरांना दाखवावे.

आता हवेचा प्रश्न. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांतील ७० खोल्यांची तपासणी करून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या, १९५० पूर्वी बांधलेल्या खोल्यांत दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला सुमारे ४० वेळा हवा बदलत होती; नंतरच्या काळात बांधलेल्या खोल्यांत हेच प्रमाण १७ होते. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांत ते १२ धरण्यात आले. उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात २४ तास राहिल्यास किती जणांना संसर्ग होईल याचे गणित मांडले, तेव्हा जुन्या खोल्यांत ते ११ टक्के आणि यंत्राच्या खोल्यांत ३९ टक्के निघाले. हे आकडे रुग्णालयांचे आहेत, घरांचे नव्हेत; परंतु त्यामागचा नियम आपल्या मधल्या घरालाही लागू आहे. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत तरंगत राहतात, आणि हवा जितकी वेगाने बदलेल तितके ते विरळ होतात. क्षयावर औषधे नव्हती त्या काळात आरोग्यधामांत रुग्णांच्या खाटा उघड्या व्हरांड्यांत मांडत. मोकळ्या हवेने रोग बरा होतो ही त्या वेळची आशा फारशी खरी ठरली नाही. पण ती हवा सोबतच्या माणसांचे रक्षण करते, हे आज आपण जाणतो.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तेव्हा हा धोका दूरचा नाही. माझ्याकडे एक कुटुंब येते. घरातील आजोबांना दीर्घकाळ खोकला होता. धूम्रपानामुळे असेल म्हणून सर्वांनी दुर्लक्ष केले होते. पूर्वी ते ओसरीच्या मोकळ्या बाजूला निजत. ओसरी बंद झाल्यानंतरच्या हिवाळ्यात थंडी नको म्हणून तावदाने रात्रभर लावलेली, आत आजोबा आणि त्यांच्या कुशीत दोन नातवंडे. फेब्रुवारीत आजोबांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले आणि काही आठवड्यांनी धाकट्या नातवाच्या मानेच्या गाठी वाढलेल्या आढळल्या. उपचारांनी दोघेही बरे झाले. संसर्ग बंद तावदानांमुळेच झाला, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही; उघड्या ओसरीतही तो झाला असता कदाचित. परंतु त्या कुटुंबाला मी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आपणांसही सांगतो. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. आणि ज्या खोलीत माणसे निजतात, तिथली हवा हिवाळ्यातही कोंडू नये.

कोंडलेल्या ओसरीत धूरही कोंडतो. डासांच्या कॉइलचेच पाहा. एका जळत्या कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. उघड्या ओसरीवर हा धूर वाऱ्यावर जाई. बंद ओसरीत तो रात्रभर फुप्फुसांत जातो. आपले गाव तर मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. वर्षाचे तिखट करण्याच्या दिवसांत मिरच्या वाळवणे, देठे खुडणे, कुटणे ही कामे घरोघरी ओसरीवर चालतात. तीच कामे काचेआड केल्यास तिखटाची धूळ तिथेच घुमत राहते आणि दम्याचा रुग्ण असलेल्या घरात मध्यरात्री धावपळ होते. हे काम अंगणात किंवा गच्चीवरच करावे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बाळंतिणीची शेगडी. ओसरी बंद झाली की 'वाऱ्यापासून जपायला बरी' म्हणून बाळंतिणीची बाज तिथे टाकली जाते आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली जाते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे एवढीच त्याची लक्षणे. आणि बाळंतीण थकलेली असल्याने गुंगीकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंद खोलीत शेगडी, शेकोटी किंवा निखारे ठेवून कोणीही कधीही झोपू नये. बाळाला उबेसाठी आईची कूस, टोपी आणि कपडे पुरेसे असतात. अशाच कारणाने दुचाकी बंद ओसरीत उभी करून तिथेच चालू करणे टाळावे; पेट्रोलच्या वाफा आणि धूर दोन्ही मागच्या खोलीत शिरतात.

काम चालू असतानाचा काळ हाही जपण्याचा असतो. जुन्या दारे-चौकटींवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात आणि जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव दाट असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडाच घासला तर शिशाची धूळ उडते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असते. रंग ओला करून घासावा, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, आणि तेवढे दिवस गरोदर स्त्रीने व लहान मुलांनी दुसरीकडे राहावे. छतावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फोडू नयेत, पाणी मारून अखंड उतरवावेत. सागाची बारीक भुकटी त्वचेला खाज आणते, दमा चेतवते. लाकडाच्या धुळीचा समावेश तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केला. घरमालकाने सुताराला मास्क द्यावा आणि यंत्राचे घासकाम मोकळ्यावर करू द्यावे. तोही कोणाचा तरी मुलगा असतो. सागाऐवजी स्वस्त दाबफळ्या किंवा प्लायवूड वापरल्यास त्यांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू पुष्कळ दिवस झिरपतो, डोळे आणि घसा चुरचुरतो. पॉलिश झाल्यावर निदान दोन आठवडे ओसरी सताड उघडी ठेवावी आणि तिथे कोणाला निजवू नये.

आणखी एक सूचना, जी मराठवाड्यातील माणसाला वेगळी समजावून सांगावी लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते निजले असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेली जड माळवदे त्या माणसांवर कोसळली. आपल्या जुन्या घरांत माळवदाचे वजन पुष्कळदा लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असते. काचेची चौकट बसवायला अडचण होते म्हणून ओसरीचा एखादा खांब काढून टाकणे हा भयंकर धोका आहे. खांबाला हात लावण्यापूर्वी अभियंत्याला घर दाखवावे. त्याचे शुल्क अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ कमी असते.

पायऱ्या आणि फरशी यांकडेही लक्ष द्यावे. शहाबादी फरशी खडबडीत असते. तिच्या जागी गुळगुळीत फरशी आली की ओल्या पावलांनी वृद्ध घसरतात, आणि साठी-सत्तरीत खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. पायरीची उंची १५ सेंटिमीटरच्या आसपास आणि रुंदी ३० सेंटिमीटर असावी, बाजूला धरायला कठडा असावा, उंबरठा शक्यतो ठेवूच नये. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर उंचीच्या बारापट लांबी लागते. जोते दोन फूट उंच असेल तर उतार चोवीस फूट लांब होईल. तेवढी जागा आहे का, हे नकाशा काढतानाच पाहावे.

मग ओसरी बंद करावी ती कशी? राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांची उघडणारी जागा फरशीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश असावी. हिशेब करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मागच्या खोलीची खिडकी आता बाहेर न उघडता ओसरीत उघडणार आहे. म्हणून दोन्हींचे क्षेत्रफळ एकत्र धरावे. वीस फूट बाय आठ फुटांची ओसरी आणि तिच्या मागे वीस बाय बाराची खोली असेल तर एकूण ४०० चौरस फूट झाले. उघडणारी जागा किमान ४० चौरस फूट हवी. सरकत्या तावदानांत निम्मीच जागा उघडते, म्हणून बिजागरीची तावदाने किंवा सागाच्या आडव्या पट्ट्यांची झडपे उत्तम. समोरासमोर उघडी बाजू ठेवावी, छतालगत कायमचे झरोके सोडावेत, बाहेरून डासांची जाळी लावावी आणि जाळीचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करावे, म्हणजे दारावर बसलेले डास आत लोटले जात नाहीत. पश्चिमेला काच टाळून चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी, अन्यथा डेंग्यूच्या डासांसाठी आपणच पाळणा बांधला असे होते.

शेवटची बाब खर्चाच्या अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही. काही काळापूर्वी सत्तरी उलटलेले एक गृहस्थ भूक मंदावल्याची आणि झोप उडाल्याची तक्रार घेऊन आले. तपासण्या ठीक होत्या. "दुखतंय असं काही न्हाई डॉक्टरसाब, पण दिवस सरंना झालाय," ते म्हणाले. नवी ओसरी झाल्यापासून तिथे सोफा आला होता आणि त्यांची बाज मागच्या खोलीत गेली होती. रस्ता दिसेना, येणारे-जाणारे हाक मारीनात. त्यांना औदासीन्याचा विकार जडला होता आणि त्यासाठी औषधेही द्यावी लागली. केवळ बाज हलवून तो आजार बरा झाला असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र सुनेने आपण होऊन सोफा भिंतीकडे सरकवला आणि बाज खिडकीशी आणली, तेव्हा औषधांच्या जोडीने गुण येऊ लागला. तिचाच आग्रह होता ओसरी बंद करण्याचा, आणि तो रास्त होता. उपायही तिनेच काढला.

तेव्हा सुताराला माप देण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला विचारा: या ओसरीचा तुम्हाला आजवर काय उपयोग होता, आणि पुढे काय हवा आहे? आजोबांना रस्ता हवा असेल, सुनेला आडोसा, मुलांना खेळायला जागा, आजीला अंगावर ऊन. एखादे तावदान बाजेवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला ठेवावे, बाहेरचा ओटा मोडू नये, आणि दिवसा दार उघडे ठेवण्याची सवय जाऊ देऊ नये. एवढे सांभाळले तर सागाची नवी ओसरी खुशाल बांधा. माप देण्याच्या दिवशी एकदा ओसरीत उभे राहून वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते पाहून घ्या, आणि त्या दोन्ही जागी उघडणारी तावदाने सांगा.